बादली भरायला लागणारे सेकंद

दर रविवारी सकाळी सात वाजता मी बांधाच्या पायथ्याशी उकिडवी बसते, पाझराच्या नळीखाली १५ लिटरची बादली लावते आणि घड्याळ चालू करते. बादली काठोकाठ भरली की सेकंद वहीत लिहिते. शेजारी तळ्याची पातळी, आठवड्यात झालेला पाऊस आणि पाण्याचा रंग. नऊ वर्षांत ही चौथी वही आहे.

तळं काकांचं. १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या जागेतल्या ओढ्यावर हा मातीचा बांध घातला. उंची ६ मीटर, लांबी ११० मीटर, भरल्यावर भिंतीपाशी पाणी ५ मीटर. एक हेक्टरभर पसरलेलं पाणी आणि सरासरी दोन मीटर खोली धरली तर २०,००० घनमीटर साठा होतो. लिटरमध्ये २ कोटी, वजनात २०,००० टन. काका गेल्यावर जागा माझ्याकडे आणि भावाकडे आली. भाऊ लांब राहतो, त्यामुळे रोजची निगा माझ्याकडे. बांधाचा एकही नकाशा, एकही कागद आम्हाला सापडला नाही. पाइप कुठून जातो, गाभ्यात कोणती माती भरली आहे, पाया किती खोल खणला होता, हे सगळं काकांच्या डोक्यात होतं आणि त्यांच्याबरोबर गेलं.

पहिल्याच वर्षी पायथ्याशी ओल दिसली आणि मी हादरले. धरणांच्या कामात आयुष्य घालवलेले एक निवृत्त अभियंते ओळखीतून भेटले. मी त्यांना सर म्हणते. त्यांनी ओलीच्या जागी चार दगडांची छोटी भिंत रचून घेतली, पाझर एका नळीत गोळा केला आणि म्हणाले, "पाझर आहे याची काळजी करू नका. पाझर बदलला तर करा."

हे वाक्य समजायला मला वेळ लागला. मातीचा बांध पाणी पूर्णपणे कधीच अडवत नाही. पाणी त्याच्या पोटातून सावकाश चालत असतं. चांगल्या बांधात काळ्या चिकणमातीचा गाभा त्याचा वेग मारतो, बाहेरचा मुरूम भराव तोलून धरतो आणि पायथ्याची वाळू-खडी ते पाणी बाहेर जाऊ देते, मातीचे कण मात्र आतच ठेवते. म्हणून बाहेर येणारं पाणी नितळ असेल आणि तळ्याच्या पातळीबरोबर थोडं कमी-जास्त होत असेल, तर बांध आपलं काम करतो आहे. ते गढूळ झालं तर त्याच्याबरोबर बांधच थोडा थोडा बाहेर येतो आहे.

माझं पोटापाण्याचं काम हिशेब तपासायचं. आकड्यांचा कल बदलला की मला तो दिसतो. तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात तळं भरून सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी जायच्या वाटेवरून, पाणी वाहत होतं, पातळी आठवडेच्या आठवडे तीच. बादलीला लागायचे ४१ सेकंद. मग एका रविवारी ३८ लागले. मग ३६, ३३, ३०. सहाव्या रविवारी २६. तळ्यात पाणी वाढलेलं नसताना पाझर दीडपटीहून जास्त झाला होता. पाणी मात्र डोळ्यांना स्वच्छच दिसत होतं. मी काचेच्या बाटलीत थोडं भरून घेतलं आणि रात्रभर खिडकीत ठेवलं. सकाळी बाटलीच्या तळाशी पिवळसर गाळाचा थर होता, नखाएवढ्या जाडीचा.

सर त्याच दिवशी आले. माथ्यावर न चढता ते सरळ पायथ्याने चालत गेले. जिथे तळ्यातून पाणी सोडायचा जुना लोखंडी पाइप बांधातून बाहेर येतो, तिथे ते गुडघ्यांवर बसले आणि पाइपाच्या खालून हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला.

लहान बांधांना सगळ्यात जास्त दगा देणारी ही जागा आहे, आणि मालकाचं लक्ष सगळ्यात कमी जातं तेही इथेच. भराव घालताना थरांवरून रोलर फिरतो, पण गोल पाइपाच्या पोटाखाली रोलर पोचत नाही. तिथली माती सैल राहते. पाण्याला ती फट सापडते आणि ते पाइपाच्या बाहेरून, पाइपाला धरून चालू लागतं. बाहेरच्या टोकाशी पहिला कण निसटतो, मग त्याच्या मागचा. असं पोखरणं खालून वर, बाहेरून आत सरकतं. वरून बघणाऱ्याला हिरवं गवत दिसतं आणि आत भुयार तळ्याच्या दिशेने निघालेलं असतं. ते तळ्याला जाऊन भिडलं की मग वेळ उरत नाही. पाइप गंजून त्याला भोक पडलं असेल तर आणखी वाईट. आमच्या पाइपाचा व्हॉल्व्ह खालच्या टोकाला होता. म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना पाइप बांधाच्या पोटात कायम दाबाखाली भरलेला. भोकातून ते पाणी सरळ भरावात घुसणार. व्हॉल्व्ह तळ्याच्या बाजूला असेल तर बंद केल्यावर पाइप रिकामा राहतो. बांधताना एवढा एक निर्णय बदलला असता तरी पुढचं बरंच टळलं असतं.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये डोंगरात लॉन लेक नावाचं धरण होतं. ते १९०३ मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधलं होतं. मातीचं, जेमतेम ८ मीटर उंच. पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्या सांध्यातलं शिसं झिजलं, तिथून निसटणाऱ्या पाण्याने बांध आतून पोखरला आणि १५ जुलै १९८२ च्या सकाळी तो फुटला. तीन माणसं गेली. एका सांध्यापायी. जागा इतकी आडवळणाची की तिथे जाऊन नीट तपासणं क्वचितच व्हायचं. ती हकीकत वाचल्यापासून मी आमचा प्रत्येक सांधा हाताने चाचपते.

त्या दिवशी माझ्या मनात पहिला विचार आला तो भोक बुजवायचा. चिकणमातीचे गोळे करून ठासायचे. सरांनी हात धरला. पाण्याला इथून वाट बंद केली तर ते आत दाब वाढवून दुसरी वाट काढेल, आणि ती कुठे निघेल हे आपल्याला कळणार नाही. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. आम्ही त्या जागेवर आधी जाड वाळू टाकली, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर जाड खडी आणि वर दगडांचं वजन. रात्री दहापर्यंत आम्ही सहा जण पाट्या वाहत होतो. पहाटे तिथून झिरपणारं पाणी नितळ झालं होतं. सर म्हणाले, ही मलमपट्टी आहे, तळं उतरवावंच लागेल.

उतरवायचं तेही सावकाश. दिवसाला ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही. पाण्याकडच्या उतारातली माती वर्षानुवर्षं भिजलेली असते आणि समोरच्या पाण्याचा दाब तिला आधार देत असतो. पाणी झपकन काढलं तर आधार जातो आणि माती मात्र ओलीच राहते. मग तो उतार आख्खा तळ्यात घसरू शकतो. जुन्या पाइपाला हात लावायची सोय नव्हती, म्हणून माथ्यावरून सहा इंची पाइपांचे दोन सायफन टाकले. नऊ दिवस लागले. रोज सकाळ-संध्याकाळ मी खुणेच्या काठीवर पातळी बघायची आणि सायफन कमी-जास्त करायचे.

पहिल्या संध्याकाळी मी सरांना विचारलं होतं, आज रात्री गेलाच तर काय होईल? त्यांनी खिशातल्या कागदावर आकडेमोड केली. फुटलेल्या धरणांच्या नोंदींवरून बसवलेलं एक सूत्र आहे, त्यात साठा आणि पाण्याची उंची घालतात. उत्तर आलं सेकंदाला ८० घनमीटरच्या आसपास. दर सेकंदाला ८० टन पाणी, चार-पाच मिनिटं. ओढ्याच्या त्या अरुंद पात्रात.

आणि ओढ्याकाठी, बांधापासून ७०० मीटरवर, तीन घरं आहेत. काकांनी बांध घातला तेव्हा तिथे एकही नव्हतं.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. बांध जागचा हलला नाही, वाढला नाही, तरी तो आधीपेक्षा धोकादायक झाला, कारण त्याच्या खाली माणसं राहायला आली. धरणांची धोक्याची श्रेणी ठरवताना बांध किती मजबूत आहे हे बघत नाहीत. फुटला तर खाली काय आहे, यावर ती ठरते. म्हणजे उत्तम बांधसुद्धा वरच्या श्रेणीत असू शकतो. श्रेणी वर गेली की सांडवा मोठा लागतो, तपासणी वाढते. हे मोठ्या धरणांना लागू होतं. आमच्या बांधाची श्रेणी ठरवायला कोण येणार होतं?

मी खाली गेले. पहिल्याच घरात एक वयस्कर बाई असतात, त्यांना आम्ही लहानपणापासून मावशी म्हणतो. मी म्हटलं, "मावशी, आठ-दहा रात्री तुम्ही सगळे वरच्या घरी झोपायला या."

"का गं? बांध फुटणार आहे?"

"सांगता येत नाही. म्हणूनच आले."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझे काका चांगले होते. पण असं काही होऊ शकतं, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं."

तिन्ही घरांतली अकरा माणसं नऊ रात्री आमच्याकडे झोपली. बांध टिकला.

त्या रात्रींमध्ये मला झोप लागत नव्हती, तेव्हा मी खासगी धरणांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. सगळ्यात जास्त मनात राहिलं ते साउथ फोर्क. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने कालव्यासाठी बांधलेलं मातीचं धरण, पुढे खासगी मालकांकडे गेलं आणि १८७९ मध्ये श्रीमंतांच्या एका क्लबने मासेमारी आणि विश्रांतीसाठी घेतलं. तळाशी पाणी सोडायचे लोखंडी पाइप होते, ते आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले. क्लबने ते पुन्हा बसवले नाहीत, म्हणजे गरज पडली तर तळं उतरवायची सोयच संपली. माथ्यावरून दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून माथा थोडा खाली उतरवला. महागडे मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ च्या पावसात जाळ्यांत पालापाचोळा अडकला, सांडवा तुंबला आणि पाणी माथ्यावरून गेलं. २३ किलोमीटर खाली जॉन्सटाउन होतं. २,२०९ माणसं मेली.

यातला एकही निर्णय राक्षसी नव्हता. पाइप विकला, रस्ता रुंद केला, जाळी लावली. प्रत्येक वेळी मालकाने आपल्या जागेत, आपल्या सोयीसाठी काहीतरी केलं. मी हे वाचलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते आणि आमच्या सांडव्यावर माशांसाठी लावलेली जाळी होती. काकांनीच लावलेली. उजाडल्यावर मी पहिल्यांदा ती तोडून काढली.

मग पाणसळ घेऊन माथा मोजला. दिसायला सपाट, पण गाड्या जाऊन जाऊन आणि भराव बसून मधोमध १८ सेंटीमीटर खोलगट झाला होता. बांधाची उंची सरासरीने धरायची नसते. पाणी सर्वांत खालच्या जागेवरून जातं, आणि मातीच्या बांधावरून पाणी एकदा वाहू लागलं की ते खालचा उतार कापत मागे येतं. आमच्याकडे पाणी आणि माथा यांत एक मीटरचं अंतर आहे असं मी तीन वर्षं समजत होते. खरं अंतर ८२ सेंटीमीटर होतं.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या टोकोआ फॉल्सजवळचं केली बार्न्स धरण एका बायबल कॉलेजच्या मालकीचं होतं. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री दीडच्या सुमारास ते फुटलं आणि खालच्या आवारात झोपलेली ३९ माणसं गेली. खालचा उतार खूप उभा होता आणि त्यावर झाडं वाढली होती. केनियातल्या सोलाईमध्ये ९ मे २०१८ च्या रात्री एका खासगी शेतमळ्याचा बांध फुटला, चाळीसहून जास्त माणसं गेली. दोन्ही वेळा रात्र, दोन्ही वेळा पाऊस, आणि खाली गाफील माणसं.

झाडांपाशी मला थांबावं लागेल. आमच्या खालच्या उतारावर तेवीस झाडं होती. काकांनी लावलेली, बांध घातला त्याच वर्षी. माती धरून ठेवतील म्हणून. भाऊ फोनवर चिडला, "झाडं माती धरतात हे शाळेतल्या पोराला कळतं. तू काकांची झाडं तोडणार?" डोंगराच्या उतारावर त्याचं म्हणणं खरं आहे. बांधावर नाही. मुळं ओलीच्या दिशेने जातात, म्हणजे बांधाच्या पोटात. झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्या जागी पाण्याला तयार नळी मिळते. वादळात झाड उन्मळलं तर मुळांबरोबर भरावाचा लचका निघतो. शिवाय झाडांच्या सावलीत गवत वाढत नाही, आणि बांधाला खरं कवच गवताचंच. वर झुडपांत घुशी बिळं करतात, वारुळं वाढतात, आणि ती झुडपं आहेत म्हणूनच आपल्याला दिसत नाहीत.

तेवीस झाडं तोडली. मी प्रत्येकाजवळ उभी होते. मोठ्या झाडांचे बुंधे मुळांसकट खणून काढावे लागतात, नुसते कापून चालत नाहीत, आणि खड्डा थराथराने दाबून भरावा लागतो. तळं उतरलेलं असतानाच हे करायचं. एका झाडाचं मूळ बांधात साडेतीन मीटर आत गेलेलं निघालं, मनगटाएवढं जाड, आणि त्याच्या भोवतीची माती चिखल झालेली. त्याचा फोटो मी भावाला पाठवला. तो पुढच्या आठवड्यात आला आणि शेवटची सहा झाडं आम्ही दोघांनी मिळून काढली.

पाऊस संपल्यावर पाइपाची दुरुस्ती केली. पाइपाच्या रेषेत बांध उघडला, जुना पाइप हाताने मोडत बाहेर आला. नवा प्लॅस्टिकचा पाइप काँक्रीटच्या बैठकीवर बसवला, म्हणजे पोटाखाली सैल माती राहायला जागाच नाही. खालच्या टोकाकडे पाइपाभोवती सगळ्या बाजूंनी वाळूचं वेष्टन, कण अडवायला. व्हॉल्व्ह तळ्याच्या बाजूला. भराव १५ सेंटीमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर धुम्मसने दाबलेला. माती किती ओली हवी ते सरांनी हातावर शिकवलं: मूठ वळली तर गोळा व्हावा, आणि गोळा पाडला तर त्याचे दोन-चार तुकडे व्हावेत. भुगा झाला तर कोरडी, चपटा बसला तर फार ओली. ठेकेदाराला घाई होती, एका दुपारी त्याने ४० सेंटीमीटरचा थर टाकला. मी तो परत काढायला लावला.

नियमांबद्दल थोडं. जगातल्या मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या व्याख्येत १५ मीटरपासूनची धरणं मोठी, किंवा ५ ते १५ मीटर उंचीची पण ३० लाख घनमीटरपेक्षा जास्त पाणी अडवणारी. इंग्लंडचा १९७५ चा जलाशय कायदा २५,००० घनमीटरपासून लागू होतो. आमचे २०,००० त्यातही बसले नसते. कुठेतरी रेघ ओढावी लागते हे मला मान्य आहे, पण रेघेच्या खालचं पाणीही तेवढ्याच वेगाने उतरतं. आणि जबाबदारीचं म्हणाल तर त्याचं उत्तर १८६८ मध्ये इंग्लंडमध्येच दिलं गेलं आहे. एका गिरणीमालकाने आपल्या जागेत तलाव बांधून घेतला. खाली जुने खाणीचे उभे बोगदे होते. ठेकेदारांनी ते पाहूनही नीट बंद केले नाहीत, मालकाला त्याची कल्पना नव्हती. पाणी त्यांतून शेजाऱ्याच्या खाणीत गेलं. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर. न्यायालयाने सांगितलं की निसटलं तर नुकसान करेल अशी गोष्ट जो आपल्या जागेत आणून साठवतो, तो ती निसटल्यास जबाबदार, त्याची स्वतःची चूक असो वा नसो. मला हे योग्य वाटतं. मावशींनी माझ्या तळ्यातून काहीही घेतलेलं नाही. धोका तेवढा त्यांच्या वाट्याला.

पुन्हा तळं भरताना पहिल्या पावसाळ्यात अर्ध्यावर थांबवलं आणि तीन आठवडे रोज पायथा चाललो. पहिलं भरणं ही बांधाची कसोटी असते. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातलं ९३ मीटरचं टेटन धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्यांदा भरतानाच पोखरून गेलं, तेही सरकारी, तज्ज्ञांनी बांधलेलं. आमच्याकडे बादलीला ५८ सेकंद लागले आणि बाटलीच्या तळाशी सकाळी काही नव्हतं. मग पूर्ण भरलं.

तिन्ही घरांत आता एकेक कागद चिकटवलेला आहे. त्यावर माझा आणि भावाचा नंबर, कुठल्या वाटेने वर यायचं, आणि मी फोन केला तर कारण न विचारता निघायचं, एवढंच. दर पावसाळ्याआधी आम्ही एकदा ते चालून बघतो. मावशींना वर यायला अकरा मिनिटं लागतात. गेल्या वर्षी नऊ लागली होती, म्हणून या वर्षी वाटेवर दगडी पायऱ्या घातल्या.

सांडव्याच्या डाव्या काठाला या पावसात माती खचली आहे, हातभर रुंद. पाऊस सुरू असताना तिथे खोदता येत नाही. तोवर सायफन लावून पाणी ६० सेंटीमीटर खाली ठेवलं आहे आणि खचलेल्या कडेला दोन खुंट्या ठोकल्या आहेत. काल संध्याकाळी त्यांच्यातलं अंतर १ मीटर ४ सेंटीमीटर होतं, आज सकाळीही तेवढंच. बादली ५७ सेकंद. पाणी नितळ.